उलटा ठसा

बाई म्हणाल्या, या इंग्रजानं
त्या काळची सगळी सोसायटी उघडी पाडली.
मी म्हटलं, कुठली? आमची कारेलीबागेतली,
अंबिका?
पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नाना, तीच समजा.

एकतीस वर्षं मी फाइन आर्ट्सच्या छापखान्यात
तांब्याचे पत्रे पुसतोय.
शाई आधी चोपडायची, रेघारेघांत दाबायची,
मग जाळीच्या कापडानं वरवरची काढायची,
शेवटी नुसत्या तळहातानं, खडूची पूड लावून,
बाळाचं अंग पुसावं तसं.
वरचं सगळं लख्ख होतं.
काळं उरतं ते पत्र्याला जिथं जखम आहे तिथंच.

ते चित्र मी भिंगातून पाहिलं.
लंडनमधलं जेवण. साखरपुडा असावा,
किंवा सौदा. टेबल एकच.
मुलीचा काका चांदीचे चमचे मोजतोय,
नवरदेव त्यातला एक बाहीत सारतोय,
डॉक्टरनं नाडी सोडून थैलीला हात लावलाय,
पाद्रीबुवा झोपलेत, आणि त्यांच्या टोपाला
मेणबत्तीनं पेट घेतलाय. कुणालाच वास नाही.
टेबलाखाली एक पोर
दोन व्याह्यांच्या बुटांचे बंद एकमेकांत बांधतंय.
कोपऱ्यातला कुत्रा तेवढा आपल्याकडे बघतो.

आणि सगळे डावरे.
सगळ्यांच्या तलवारीसुद्धा उजव्या कमरेला.
बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, घाई, दुसरं काय!
पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उतरतं.
त्याला गिऱ्हाईक गाठायचं होतं.
एक शिलिंग, रस्त्यावर, दुकानाच्या काचेत.
ज्यांची टर उडवली तेच विकत घ्यायचे,
दिवाणखान्यात लावायचे,
आणि पाहुण्याला म्हणायचे,
हा आमच्या पलीकडचा.

झंखना वाळंद, पादऱ्याची पोर, शेवटच्या वर्षाला.
मीच तिला म्हटलं होतं, चल आमच्या सोसायटीत,
रविवारी वार्षिक सभा आहे, चेहरे मिळतील,
वर सेव-उसळ.
पाण्याच्या टाकीवरून भांडण चाललेलं.
ती मागच्या खुर्चीत, मांडीवर वही,
हिशेब लिहिणाऱ्या कारकुनासारखी.

दोन महिन्यांनी पत्रा माझ्याकडे आला.
पुसताना शाईतून एकेक जण वर यायला लागला.
चेअरमन शिरोळकर, तोंडात अर्धा ढोकळा, ठराव मांडताना.
पटणीकाका, नेहमीसारखे झोपेत हात वर.
विश्वामित्रीतून आलेली मगर
कोरड्या टाकीत पसरलेली, आपल्याकडे बघत.
आणि टेबलाखाली एक हात,
ठेकेदाराचं पाकीट घेणारा.
बाकी माणूस दिसतच नाही. हातच.
अनामिकेचं पेर नाही त्याला.

माझं ते पेर अठ्ठ्याण्णव साली
याच प्रेसच्या रुळाखाली गेलं.
खजिनदार मी त्याच वर्षापासून.

तळहात थांबला.
वाटलं, अजून थोडं पुसावं, जोरात,
पण रेघ खोल होती. पोरीचा हात पक्का आहे.
भिजवलेला कागद ठेवला, वर ब्लँकेट,
चाक फिरवलं, पाठीवरची शीर ताणली.
कागद उचलून बघितला.

डावा हात.
पत्र्यावर उजवा होता, इथं डावा.
मी माझा उजवा त्याच्या शेजारी धरला.
नाही जुळत. कोर्टातसुद्धा नाही जुळणार.

झंखनानं विचारलं, केवं लाग्युं, नाना?
म्हटलं, शाई जरा जास्त झालीय उजवीकडे,
पण चालेल.
पहिली प्रत मी मागून घेतली.
पैसे दिले, रोख, पाकिटातून.

आता ती आमच्या बाहेरच्या खोलीत आहे,
पंख्याच्या वाऱ्यानं जरा हलते.
येणाऱ्याला मी सांगतो, बघा, शिरोळकर!
हुबेहूब आहे की नाही तो ढोकळा?
लोक पोट धरून हसतात.
काल शिरोळकर स्वतः आले, चहा घेतला,
पटणीकाकांना ओळखून खूप हसले.

सूनबाई मात्र कपबश्या उचलताना
चित्रापाशी थांबते. हसत नाही.
काही मोजत असावी.
मी पेपर वर धरतो,
दोन्ही हातांनी.