काळी चार

संहितेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय:
नावाडीण. वय एकोणीस ते साठ.
आवाज मंद्र पंचम ते तार मध्यम. पट्टी काळी चार.
खाली दोन रेघा.
भोकऱ्यांना रेघा मारायची सवय,
गायचं त्यांना कुठे असतं.

नारायण पेठेतल्या शाळेचा दुसरा मजला.
सहानंतर बाकं भिंतीला लागतात,
फळ्यावर पाचवी ब-चे अपूर्णांक तसेच राहतात
आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर
माझ्या ऑर्गनच्या कोमल धैवताशी भांडते.
मी पायांनी भाता मारतो. एकतीस वर्षं.
माझ्या चपला पुढूनच झिजतात.

किमया आली, हेल्मेट काखेत.
तार मध्यम तिनं असा घेतला
जसा दोरीवरचा वाळलेला टॉवेल ओढावा.
पण तिसऱ्या अंकात म्हातारी वल्हं टेकून बसते,
तिथल्या पंचमाला गेली, तर नुसती हवा.
पोहरा सोडला आणि दोरच संपला.

हेमलताबाईंचं उलट.
त्रेपन्न वय, पोस्टात काउंटरवर,
गळ्यावर थायरॉइडच्या ऑपरेशनची पातळ रेघ,
तिच्यावर बरोब्बर बसणारी मण्यांची माळ.
त्यांचा खालचा पंचम
बाकांच्या लोखंडी पायांना आधी कळतो.
वर मात्र गांधारापाशी कुणीतरी आतून कडी लावलेली.

भोकरे म्हणाले, वाटून देऊ दोघींत.
पहिला अंक तिला, तिसरा हिला,
दुसऱ्याचं बघू.
माझं लक्ष फळ्याकडे गेलं. दोन छेद तीन.
हसू दाबलं.

मग मी एक लबाडी केली.
हेमलताबाईंच्या पाळीला, न सांगता,
पांढरी पाचवर सरकलो.
अर्धाच सूर. डब्यातून एक लाडू कमी व्हावा तेवढा,
मोजून ठेवणाऱ्यालाच कळेल.
त्या गायल्या. मध्यमाला बोट लागलं,
लागलं म्हणजे चाटून गेलं.
भोकरे खूश. चहा सांगितला.

कप घेऊन त्या माझ्याजवळ आल्या.
"ताटके, अर्धा सूर खाल्लात."
म्हटलं, दमट हवेत रीड उतरते कधी कधी.
"रीड मला नका सांगू."
मग बशीत बघत,
"एकोणिसाव्या वर्षी होता हो हा सूर माझ्याकडे.
तेव्हा कुणी मागितलाच नाही.
चारवर न्या. फुटला तर माझा फुटेल."

नेली.

पुराची नदी, पलीकडच्या काठावर तिचा कुणीतरी,
नवरा की भाऊ ते भोकऱ्यांचं अजून ठरायचंय,
आणि ही त्याला हाक मारते. आठ मात्रा, तार मध्यम.

षड्ज. रिषभ. गांधारावर चिरला.
चिरला, पण त्या थांबल्या नाहीत.
त्या फटीतून काहीतरी वर गेलं.
सूर म्हणायची माझी हिंमत नाही,
माझ्याकडे त्याची पट्टी नाही.
पाय मारायचे राहिले.
भात्यातली हवा आपली आपण संपली.

जिन्यात टॉर्चचा उजेड.
शिपाई कोंढाळकर, धापा टाकत,
"कोण हाका मारतंय? मला वाटलं, मलाच."

कुणी बोललं नाही.
भोकऱ्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा कानामागे ठेवली.
किमया माझ्या ऑर्गनच्या बाजूला
धूळ पुसत राहिली, जिथं धूळ नव्हती.
कोंढाळकर म्हणाले, आलोच आहे वर,
तर कुलूप लावूनच जातो, साडेनऊ झालेत.

हेमलताबाईंनी माळ सरळ केली.
"उद्या सहालाच ना?"
भोकरे हो म्हणाले, की नुसतीच मान हलली,
टॉर्चच्या उजेडात
मला नीट दिसलं नाही.