हो की नाही

मंडपाचं भाडं वेगळं, माईकचं वेगळं.
त्या दिवशी माझे दोन भोंगे, एक अँप्लिफायर
आणि टपली मारल्याशिवाय शुद्धीवर न येणारा एक माईक.
शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला,
जिथं भिंतीवर अजून पुराची रेघ आहे.

फलकावर सभेचा विषय: पूर का येतो?
त्याच्याच खाली उत्तर छापलेलं.
फलक आदल्या रात्रीच लागला होता.

पहिल्या साहेबांनी कर्नाटकाकडं बोट केलं. टाळ्या.
दुसऱ्यांनी बिल्डरांकडं. टाळ्या,
जरा कमी, पुढच्या रांगेत दोघं बसले होते.
तिसरे म्हणाले, मला निवडून द्या, पाणी गल्लीत पाय ठेवणार नाही.
शिट्ट्या. एकानं फेटा उडवला.

मग बाळगोंडा मगदूम.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणतीस पावसाळे
पाण्याची पट्टी वाचलेला माणूस.
हातात रबर लावलेली वही.
अध्यक्ष म्हणाले, "एका शब्दात सांगा, मगदूम.
धरणामुळं. हो की नाही?"

मगदूम माईकपासून तोंड लांब धरायचे.
मी आवाज वाढवला.
"थोडं हो," म्हणाले.

"किती सोडलं त्यावर आहे. कधी सोडलं त्यावर.
राधानगरीचे दरवाजे आपले आपण उघडतात,
त्यांना सभा ठाऊक नसते.
वर गगनबावड्यात तीन दिवस कोसळतोय,
खाली कृष्णा आधीच फुगलेली,
मग आपली पंचगंगा जाणार कुठं?
उभी राहते, एसटीत जागा न मिळालेल्या बाईसारखी.
तोवर जयंती नाला उलटा चालायला लागतो.
नाल्याकाठी आपण भराव टाकला.
मीही टाकलाय. दोन गुंठे. पोराच्या नावावर."

इथं कुणी टाळी वाजवली नाही.
वाजवायची कुणासाठी, ते कळेना.

"आणि नदी एक, असं म्हणू नका.
भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी.
पाचवी सरस्वती, कुणाला दिसलेली नाही,
तरी मोजतोच की आपण तिला."

मागनं कोण तरी ओरडलं,
"ओ मगदूम, हो का नाही तेवढं बोला, जेवणं खोळंबल्यात!"
हशा.
अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं.
पंजा पालथा, हळूच खाली दाबला.
ही खूण आमच्या धंद्यात शिकवावी लागत नाही.

मी बटण फिरवलं.
बंद नाही केलं, असं घरी सांगितलं.
नुसतं कमी केलं, थोडं, अजून थोडं.
मगदूम बोटाला थुंकी लावून पान उलटत होते,
कुठल्याशा पहाटेचे चार, इतके फूट,
आणि इंच ऐकू आले नाहीत.

खरं सांगू?
मलाही एकच नाव पाहिजे होतं.
माझं गोडाऊन बुडालं तेव्हा सोळा भोंगे गेले,
बापाच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर गेला.
शिवी द्यायला एक नाव पुरतं.
पाच नद्यांना शिवी कशी देणार?

सभा उठली. हो जिंकलं.
मी वायर गुंडाळत होतो,
मगदूम भिंतीपाशी, रेघेला वीत लावून.
"रंगाऱ्यानं दोन इंच वर मारली," म्हणाले, स्वतःशीच.
मग मला, "तुझं गोडाऊन कुठलं?"
सांगितलं.
वहीचा रबर निघाला. बराच वेळ बोट फिरलं.

"तुझ्याकडं पाणी नदीतनं नाही आलं.
गटारातनं आलं. नदीच्या सहा तास आधी."

सहा तास.
रात्रभर मी शिवाजी पुलावर उभा राहून
नदी बघत होतो.

टेम्पोवाला हॉर्न मारत होता.
मगदूमांचं वाक्य अजून संपलं नव्हतं,
आता माईकही नव्हता.
वायरचं वेटोळं खाली ठेवून
मी जवळ गेलो.