माती नष्ट केली

सुकाणू मोडलेलं खजुराचं गलबत,
मुंबईला जायचं, ते आमच्या खाडीत शिरलं
आणि सावित्रीच्या तोंडाशी वाळूत बसलं,
म्हणून एवढं लिहावं लागलं.
एरवी बाणकोटच्या चौकीत
एक दौत शाई वर्षभर पुरायची.

हुक्केरीसाहेब धक्क्यावर खुर्ची टाकून बसले.
मी कारकून, मांडीवर नोंदवही.
पंच म्हणून तरीवरचा धाकू पेवेकर
आणि हॉटेलवाला बाबी, ज्याच्या चहाचे पैसे
सरकारकडून अजून यायचे आहेत.

खलाशांच्या पेट्या उघडल्या.
नायलॉनच्या तीन साड्या, त्यातली एक
वापरातली दिसावी म्हणून मुद्दाम चुरगळलेली.
घड्याळ मनगटावर असलं तर स्वतःचं,
पेटीत असलं तर माल.
तेव्हा एका पोराच्या हाताला
कोपरापर्यंत वेळ झाली होती.
साहेब हसले, आणि चार घड्याळं उतरवून घेतली.

मग इसाक खलफे, राहणार इथलाच, वेसवीचा.
पेटीत दुधाच्या पावडरीचा डबा,
डब्यात पांढरट, बारीक, कोरडी माती.
साहेबांनी बोट घालून ढवळली. सोनं नव्हतं.
चाळली. सोनं नव्हतं.
चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकले. खारट.
"काय आहे हे?"
"माती, साहेब. बाप तिकडेच गेला, बसऱ्यात.
कबरीवरची आहे. आईला द्यायची."

साहेबांनी पुस्तक काढलं.
सोन्याला तोळे, कापडाला वार,
खजुराला शेकडा किती ते सगळं होतं.
मातीला दर नव्हता.
मनाई होती.
परदेशची माती आणू नये,
तिच्यात कीड असते, बुरशी, मुळांचे रोग.
नियम खोटा नव्हता. मी बागायतदाराचा मुलगा,
उभे माड आतून पोखरून बसताना पाहिलेत.

किंमत लिहिली शून्य.
दंड शून्यावर किती टक्के लावणार?
जप्त करून लिलावात काढली तर बोली कोण देणार?
राहिलं एकच : दोन पंचांसमोर नष्ट करणे.

आता माती नष्ट कशी करतात?
धाकू म्हणाला, खाडीत सोडा.
"खाडीचा तळ कुणाच्या देशात येतो रे?"
बाबी म्हणाला, पुरून टाका.
साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
पुरली की आलीच ना ती आत,
आणि इसाकला तरी दुसरं काय हवं होतं?

तो काही बोलत नव्हता.
पाणी सुकतीला लागलं.
साहेबांना मंडणगडची शेवटची एस्टी गाठायची होती.
"नष्ट केली म्हणून लिहा," ते म्हणाले
आणि डब्याकडे पाठ करून उठले.

मी लिहिलं :
बाब अकरा. माती, आठशे ग्रॅम. नष्ट केली.
बाबीची सही. धाकूचा अंगठा.

अंधार पडल्यावर बाबीच्या चुलीवर
भज्यांची कढई कोरडी करून घेतली,
आणि माती भाजली, रव्यासारखी,
उलथनं हलवत, खालून लागू न देता,
तासभर. कीड मरावी, बुरशी मरावी,
माडांना काही होऊ नये.
इतकं मन लावून नियम पाळल्याचं
मला दुसरं आठवत नाही.

मग डबा पंचात गुंडाळून वेसवीला गेलो.
म्हातारीनं दोन्ही हातांत धरला, गालाला लावला.
"ऊन आहे अजून," ती म्हणाली.
"तिकडं उन्हाळा फार, इसाक सांगतो."
मी हो म्हटलं.

कढई बाबीनं तीनदा घासली,
तरी आठवडाभर भज्यांत कचकच लागायची.
पुढच्या मंगळवारी हुक्केरीसाहेब तपासणीला आले.
दोन प्लेटी खाल्ल्या,
दातात अडकलेलं काही जिभेनं चाचपलं,
आणि वही मागवून
बाब अकरावर बरोबरची खूण केली.