तीन-सात-आठ

पाचपावलीत, विणकर सोसायटीच्या ऑफिसात
कूलर दुपारी दोनलाच कोरडा.
स्कॅनर सापडत नाही, म्हणतो लिनक्स.
समोरच तर आहे बाप्पा,
पंचवीस पिनांच्या केबलनं बांधलेला!

बायोसमध्ये तीनदा जाऊन आलो.
पोर्टचा पत्ता बरोबर, तीन-सात-आठ.
मग दिसलं:
प्रिंटर भंगारात गेला त्याला सहा वर्षं झाली,
त्याचा ड्रायव्हर अजून दार अडवून बसलेला.
उठवला.

दिवा आधी पिवळट, मग पांढरा.
काचेखाली गाडी कुरकुरत सरकली
तसे हेडाऊकाका बोलले, सकाळपासून पहिल्यांदा:
"धोटा चालून राह्यला बे."

रजिस्टरचं पहिलं पान. सह्या थोड्या, अंगठे फार.
एका अंगठ्यावर रेघाच नाहीत.
सहाशे डीपीआयवर पुन्हा घेतला.
तसाच, गुळगुळीत.

"मशीनले दोष नको देऊ," काका म्हणाले.
"सूत खाते रेघा."