पाच प्रती

ताळगावच्या चढणीवर माझं बाइंडिंगचं दुकान.
पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
पाठीवर आडनाव आणि साल.
बावीस वर्षांत किती डॉक्टर शिवले मी,
वाचला एकही नाही.

मे महिन्यात मार्सेलिना सिद्दी आली.
पिशवीतून गोधडी काढली.
म्हणाली, कवंदी म्हणतो आम्ही. हा तिसरा अध्याय.
याला पुठ्ठा घालता येईल?

मी कापड आधी उलटं केलं, सवयीनं.
काम कसं आहे ते मागच्या बाजूला कळतं.
मागं एक जुनी साडी, अख्खी,
आणि टाके असे
की मला माझ्या मशीनची लाज वाटली.

ती सांगत होती, मी खळ ढवळत होतो.
पणजीच्या दफ्तरखान्यात चार वर्षं बसले.
पोर्तुगीज शिकले, कसरीनं खाल्लेलं वाचायला शिकले.
वहीत लिहिलंय: एक काळा मुलगा,
वय बाराच्या आसपास, डाव्या खांद्यावर डागल्याची खूण.
त्याच्या वर तांदूळ, खाली दोन घोडे.
घोड्यांना नावं आहेत.

ते उतरवून गावी नेलं, हल्याळच्या बाजूला,
आणि बायकांना वाचून दाखवलं.
दुमिंगामावशी काही बोलली नाही.
उठली, नातवाचा विटका शर्ट आणला,
डाव्या खांद्याचा तुकडा कापला
आणि इथं लावला.
हा बघा.

मग इनासिन म्हणाली, एकटा कसा पळाला असेल?
त्यावर तीन दिवस वाद.
खाडी कुठं उतरला, मोलेच्या रानात पाणी कुठं,
जाळ दिसू नये म्हणून काय कच्चं खाल्लं.
प्रत्येकीला आईकडून थोडं आलेलं,
प्रत्येकीचं वेगळं.
जे पटलं ते शिवलं.
जे पटलं नाही तेही शिवलं, लाल दोऱ्यानं.

कमिटी विचारते, पद्धत काय?
आम्ही कडेपासून सुरू करतो, सर.
कडेकडेनं फिरत आत येतो.
मधे पोचायला वेळ लागतो, इतकंच.

मी काही बोललो नाही.
आमच्या गावच्या शिवेवर खापरी आहे,
आंब्याखाली एक दगड.
त्याला पाव ठेवतात, विडी ठेवतात,
रात्रीच्या माणसाची वाट चुकू नये म्हणून.
माझ्या धाकट्या बहिणीला, रंगावरून,
शाळेत तेच नाव होतं.
घरातही होतं. मीच ठेवलेलं.
हात जोडताना जो शब्द, चिडवताना तोच,
पन्नास वर्षं एका तोंडात राहिले.
तो आला कुठून, हे कोणी विचारलं नाही.

हे मार्सेलिनाला सांगितलं ते दुसऱ्या खेपेला,
सुटे पैसे मोजताना, खाली बघून.
ती म्हणाली,
विडी पेटवून ठेवता की तशीच?
पेटवून.
तिनं लिहून घेतलं.

पुठ्ठा नाही घातला. सुई टोचलेल्या कापडाला
मी पुन्हा भोकं पाडणार नव्हतो.
पेटी केली, काळ्या रेक्झिनची,
घडी मोकळी राहील एवढी.
पाठीवर एक आडनाव मावतं,
तिला अकरा बायकांची नावं हवी होती.
पाठ रुंद केली.
कोपऱ्यांना चार फुलं राहिली होती, घडी घातलेल्या चिंध्यांची;
ती दुकानातच बसून लावली.
फुलं नसली तर कवंदी नागडी, म्हणाली,
नागडी नाही पाठवायची.

पावतीवर मी लिहिलं: ग्रंथ, नग एक.
आठवड्यानं पेटी परत आली.
वर चिठ्ठी, शिक्क्यासकट:
नियमानुसार प्रती पाच हव्यात.

मी घाबरत फोन लावला.
पलीकडे भांड्यांचा आवाज, कोंबडा, हसणं,
खूप जणींचं.
मग दुमिंगामावशीचा जाड आवाज आला.
देऊ म्हणावं.
लावणी उरकू दे.
आणि ऐका, प्रत्येक वेगळी होईल,
ते चालतं का विचारून ठेवा.