अर्धा आवा

आवा सकाळीच पेटवला होता.
एकशे बेचाळीस माठ, त्यांवर मोगे, त्यांवर झाकण्या,
मध्ये चिपाडं आणि शेणी, वर पाचटाचा थर,
थरावर चिखलाचा लेप.
धूर असा सरळ निघाला,
की मी म्हटलं, आज काही होत नाही.

हे मी म्हटलं, ते कुणाला सांगू नका.

काशिलिंगमामानं माती मळतानाच नाक वर केलं होतं.
"गुंडू, हाताला चिकटतीय आज.
हवेत पाणी हाय. उद्या लाव."
पण लक्ष्मीपुरीचा व्यापारी परवा येणार,
त्याचा ॲडव्हान्स पोराच्या फीत गेलेला,
आणि माठाचे दिवस वर्षात असतात तरी किती?

चारला जोतिबाच्या अंगानं काळं चढलं.
आधी नुसता वारा.
त्यानं गल्लीतली धूळ उचलली,
मग रसवंतीचा तट्ट्या,
मग आमच्या छपराचा पत्रा.
तीन वर्षांपूर्वी मी तो तारेनं बांधला होता;
तारेसकट गेला.
लाईट गेली. मोटारीचं चाक
दोन फेऱ्या आपल्याच मनानं फिरलं
आणि त्यावरचा माठ खांदा टाकून बसला.

शेवंता कच्चे माठ आत घेऊ लागली,
दोन काखेत, एक पोटाशी.
चुलीशेजारी, देवाखाली, पोराच्या टेबलाखाली.
खाटेवर तर असे निजवले
जशी लग्नघरात पाहुण्यांची पोरं,
आडवी, एका चादरीत.

अंगणात राहिले ते राहिले.
गारा आल्या.
कच्च्या माठावर गार पडली की आवाज होत नाही.
भोक पडतं, नुसतं.
कच्च्याचं मला काही वाटत नाही, खरंच.
भिजलं तर माती होतं,
तुडवायचं, पुन्हा चाकावर घ्यायचं.
जातो तो घाम, आणि दिवस.

मी ताडपत्री घेऊन आव्याकडे पळालो.
टाकणार कुठं? आत विस्तव.
वरून पाऊस, खालून धग,
मध्ये मी, हातात प्लास्टिक धरलेला शहाणा.
लेप धुपला. एक भेग पडली,
तिच्यातून पाणी आत,
आणि आतून एक लांब सुस्कारा.
चाळीस वर्षांत तो मी दोनदाच ऐकला होता.

मग हवा गार. गल्ली खुशीत.
पोरं वाट्यांत गारा वेचतायत,
कुणाच्या तरी कढईत भजी पडलीत.
गॅलरीतून मंडलिक वकिलीणबाई म्हणाल्या,
"माणसात आल्यासारखं वाटलं बघा!
तेवढा माठ पुढच्या आठवड्यात नेते, चालेल?"
मी चालेल म्हटलं.
त्यांचं काय चुकलं?

सकाळी आवा उकलला.
वरचे काळपट, मधले धड ना लाल ना मातकट.
कच्चं परत माती होतं, पक्कं पाणी धरतं.
हे अर्धं भाजलेलं,
भिजवलं तर ढेकळं होतात, लगदा होत नाही;
भरलं तर रात्रीत पाझरून जातं.
याला घेणार कोण? मातीसुद्धा घेत नाही.

मामा काही बोलला नाही.
बोलावं, असं मला फार वाटत होतं.
तो उकिडवा बसला
आणि एकेक माठ उचलून पेरानं वाजवू लागला.
रंगावरून सगळं दिसतच होतं.
तरी वाजवत राहिला, कान लावून.
बद्द. बद्द. बद्द.
ठण्ण.
तो डावीकडे.

डावीकडे छत्तीस झाले.
शेवंतानं उरलेल्यांसाठी मुसळ काढलं.
खापराचा भुगा चाळून मातीत घातला
की पुढचा माठ तडकत नाही, म्हणतात.
"म्हणतात," मी म्हटलं.
मामा उठला, गुडघे झाडले.
"आधी पत्रा कुठं पडलाय त्यो बघ."

पत्रा तालमीच्या कौलांवर सापडला.
तार तशीच होती,
दोन्ही टोकांना घट्ट.