अठ्ठाविसावा दिवस

आधी तारीख लिही, नोराइर, मग हात धू.
ओलं सिमेंट कातडी खातं.
माझ्या बोटांचे ठसे त्यानं कधीच पुसलेत,
बँकेतलं यंत्र मला ओळखत नाही.

ही भुकटी बघ. पिठासारखी दिसते,
पण जन्म आगीतला.
चुनखडक आणि चिकणमाती
एका लांब, कलत्या नळकांड्यात
गडगडत, लोळत
चौदाशे अंशांच्या पार जातात
आणि पलीकडून पडतात काळपट गोट्या.
बकरीच्या लेंड्या, म्हणायची आई.
अरारातच्या कारखान्यात तिनं एकोणीस वर्षं
पोती भरली.
त्या गोट्या दळायच्या, दळताना थोडं जिप्सम घालायचं.
नाही घातलं तर पाणी लागल्या लागल्या
घमेल्यातच दगड.
जिप्सम म्हणजे सवड,
माणसाला थापी फिरवायला लागते तेवढी.

लोक म्हणतात, काँक्रीट वाळलं.
वाळतात ते कपडे.
हे पाणी पितं, आणि प्यालेल्या पाण्याचाच दगड करतं.
मुरतं म्हण हवं तर,
बाल्कनीतल्या बरणीत कोबी मुरतो तसं.
पहिल्या आठवड्यात तहान फार,
म्हणून ओली पोती, म्हणून हा हौद,
वीस अंश, बाहेर ग्युमरीत उणे वीस असले तरी.
कोवळ्या काँक्रीटातलं पाणी गोठलं
की ते आतून फुटतं, आवाज न करता.

पण पाजायचं ते बाळंतपणानंतर.
कालवतानाच ट्रकवाला नळी सोडतो:
एक बादली, ताई, नीट ओतलं जाईल!
ती बादली पुढे उडून जाते,
तिची जागा मात्र राहते,
केसाहून बारीक, लाखो ठिकाणी.
बाहेरून खांब गुळगुळीत.
आत कुठेतरी पाणी मुरतंय.

सळईचं तुला शिकवलंय कॉलेजात.
दाबाला काँक्रीट वाघ,
ओढ बसली की सशाचं काळीज.
ती ओढ सळई घेते,
बदल्यात काँक्रीट तिला गंजू देत नाही.
उन्हात दोघं सारखीच फुगतात,
थंडीत सारखीच आकसतात,
म्हणून संसार टिकतो.
माझा नाही टिकला. ते सोड.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात
आई मला घेऊन इथे आली, मावशीला शोधायला.
मावशीच्या इमारतीचा एक तुकडा तिनं उचलला,
तळहातावर चोळला.
वाळू झाली. बोटांमधून गळून गेली.
मी चौदा वर्षांची. मला वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली, आमची पोती मोजून भरलेली होती, हायकानूश.
पुन्हा म्हणाली, मोजून भरलेली.
मावशी तिसऱ्या दिवशी सापडली.

चल, घन काढ हौदातून. पुसून घे.
कड नीट, तिरपा बसव नकोस,
तिरपा बसला तर तो खोटं बोलेल, दोष त्याचा नाही.
आता दाब. सावकाश.
चांगला घन शेवटपर्यंत गप्प असतो,
मग एकदम चारी कुशी टाकतो
आणि उरतो वाळूच्या घड्याळासारखा,
कंबरेत बारीक.

हा लवकर कुरकुरला. ऐकलंस?

दारात इंजिनियर उभा आहे, बूट आपटतोय.
शाळेचा दुसरा मजला चढायचाय त्याला,
तीस हवेत, खिशात चॉकलेटचा डबाही आहे.
त्याच्याकडे बघू नकोस. आकड्याकडे बघ.
वाच. मोठ्यानं.

चोवीस पूर्णांक एक.

लिही.
पेन्सिलीनं नको.